कॉम्प्युटर थेट विंडोजमध्येच सुरू होतो, लिनक्सचा मेनू दिसत नाही: काय काय तपासायचं

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. रात्री अपडेट होऊन मशीन बंद होतं, सकाळी चालू करावं तर नेहमीचा मेनू नाही, सरळ विंडोज. हा बिघाड मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या मशीनवर इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता कुठून सुरुवात करायची हे हाताला ठाऊक झालंय. तोच क्रम इथे लिहितो.

लक्षणं

तुमच्यासमोर यातलं नेमकं काय दिसतंय ते आधी ओळखा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे.

- मशीन चालू केलं की काहीही न विचारता विंडोज सुरू होतं.
- उलटा प्रकार: थेट लिनक्स सुरू होतं, किंवा मेनू येतो पण त्यात विंडोजचं नाव नसतं.
- काळ्या पडद्यावर फक्त "ग्रब" (सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणारा लिनक्सचा प्रोग्राम) किंवा "ग्रब रेस्क्यू" हा शब्द, पुढे बाणासारखी खूण आणि लुकलुकणारा कर्सर.
- "एसबॅट" आणि "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असे शब्द असलेला संदेश येतो आणि मशीन आपोआप बंद पडतं.
- निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली जाते.
- दोन्ही सिस्टिम सुरू होतात, पण लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही.
- एका सिस्टिममधून दुसरीत गेलं की घड्याळ काही तास पुढे किंवा मागे जातं.

आधी काय करायचं नाही

माझ्या भाच्याचा एकदा रात्री फोन आला. "मामा, लिनक्स दिसत नाहीये, आणि विंडोज म्हणतंय ई ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल. करू का?" त्याचं वर्षभराचं प्रोजेक्ट त्या ई ड्राइव्हमध्ये होतं. "नको रे, कॅन्सल दाब आणि माउसवरचा हात काढ," एवढंच मी म्हणालो. लिनक्सच्या पार्टिशनमधली फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाही. कधीकधी अशा पार्टिशनला विंडोज एक अक्षर देऊन टाकतं, आणि मग ते उघडायला गेलं की फॉरमॅट करू का असं विचारतं. विंडोजच्या दृष्टीने ती जागा कोरी असते, पण तुमचा सगळा डेटा तिथेच असतो.

म्हणून तीन गोष्टी टाळायच्या. फॉरमॅटला होकार द्यायचा नाही. लिनक्स नव्याने इन्स्टॉल करायला बसायचं नाही. आणि पार्टिशन लहानमोठं करणारं कुठलंही सॉफ्टवेअर आत्ता उघडायचं नाही. या बिघाडात बहुतेक वेळा लिनक्स जागच्या जागी असतं. गेलेली असते ती त्याच्यापर्यंत नेणारी एक छोटी नोंद, किंवा नुसता क्रम बदललेला असतो. डेटा जातो तो घाबरून केलेल्या उपायांमुळे, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मशीन सुरू होताना काय घडतं

हे चार ओळींत समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. गेल्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक मशीन यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. मदरबोर्डवरच्या मेमरीत एक यादी असते: "विंडोज बूट मॅनेजर", "उबुंटू", "यूएसबी" अशा नोंदी आणि त्यांचा क्रम. प्रत्येक नोंद डिस्कवरच्या एका लहान पार्टिशनमधल्या फाइलकडे बोट दाखवते. या पार्टिशनला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. विंडोजने ते बनवलं असेल तर बऱ्याचदा ते फक्त १०० एमबीचं असतं. त्यात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर, उबुंटूचं एक फोल्डर, असे सगळे शेजारी नांदतात. मशीन यादीतली पहिली नोंद उचलतं आणि तिने दाखवलेली फाइल चालवतं.

म्हणजे बिघडण्याच्या जागा मोजक्याच आहेत: यादीतला क्रम, यादीतली नोंद, त्या लहान पार्टिशनमधली फाइल, ती फाइल चालू द्यायची की नाही हे ठरवणारी सुरक्षा, आणि शेवटी डिस्क. तपासणीही याच क्रमाने करायची. पहिल्या काही पायऱ्यांना ना पैसा लागतो ना कुठलं साधन.

१. लिनक्स आहे की नाही, नुसतं बघा

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून "डिस्क मॅनेजमेंट" उघडा. खालच्या पट्टीत डिस्कचे तुकडे दिसतील. ज्या तुकड्यावर आकार लिहिलाय, "हेल्दी" लिहिलंय, पण फाइल सिस्टिमचं नाव नाही आणि आकार साधारण तुम्ही लिनक्सला दिला होता तेवढाच आहे, तेच तुमचं लिनक्स. ते दिसलं की जीव भांड्यात पडू द्या.

इथे फक्त बघायचं. त्या तुकड्यावर राइट क्लिक केलं तर बाकी सगळे पर्याय पुसट आणि "डिलीट व्हॉल्यूम" तेवढा ठळक दिसतो. तो चुकून दाबला जायला वेळ लागत नाही. फोटो काढा आणि खिडकी बंद करा.

त्या जागी "अनअलोकेटेड" असं काळ्या पट्टीखाली लिहिलेलं दिसलं, तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट शेवटचा "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

२. एकदाच वापरायचा बूट मेनू

विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवा आणि तसंच "रीस्टार्ट" दाबा. निळा पडदा येईल, त्यात "यूज अ डिव्हाइस" निवडा. तिथे "उबुंटू", "फेडोरा" किंवा तुमच्या लिनक्सचं नाव दिसलं तर ते निवडा. लिनक्स सुरू झालं तर नोंदही शाबूत आहे आणि फाइलही. बिघाड फक्त क्रमाचा.

तो पर्याय निळ्या पडद्यावर नसेल तर मशीन सुरू होताना की दाबून बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोवोमध्ये बहुतेक एफ१२, एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ९, एमएसआयमध्ये एफ११, असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप आणि डेस्कटॉप बोर्डात एफ८. एसरमध्ये एफ१२ असतं, पण बऱ्याच मॉडेलांत ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आधी चालू करावं लागतं. की एकदाच दाबून वाट बघू नका. पॉवर बटण दाबल्याबरोबर टकटक दाबत राहा, कारण हल्लीची मशीन त्यासाठी जेमतेम एक-दोन सेकंद देतात.

मी ही पायरी बाकी उपायांच्या आधी घेतो, कारण हिने काहीच बदलत नाही. निवड एका खेपेपुरती असते. आणि "लिनक्स गेलं" आणि "लिनक्स मागे पडलं" यांतला फरक पाच मिनिटांत कळतो.

३. क्रम बदला

नाव दिसलं, लिनक्स सुरू झालं, तर आता क्रम कायमचा बदलायचा. बायोसच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बहुतेक एफ२ किंवा डिलीट दाबून, "बूट ऑर्डर" मध्ये लिनक्सचं नाव विंडोज बूट मॅनेजरच्या वर न्या आणि एफ१० ने सेव्ह करा. काही मशीनमध्ये वरच्या यादीत फक्त डिस्कचं नाव असतं आणि सिस्टिमची नावं "ओएस बूट मॅनेजर" सारख्या आतल्या यादीत लपलेली असतात. लोक वरची यादी बघतात आणि "इथे उबुंटू नाहीच" म्हणून परततात. आत शिरून बघा.

तेच काम लिनक्समधून टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, करता येतं, आणि मला ते जास्त आवडतं, कारण तिथे यादी जशी आहे तशी दिसते. (या लेखातल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. जिथे एमजीआर लिहिलंय तिथे तीनच अक्षरं.) "सुडो ईएफआयबूटएमजीआर" दिलं की वरच्या बाजूला बूटऑर्डर अशी ओळ येते, तिच्यापुढे स्वल्पविरामाने जोडलेले चार चार आकडे, उदाहरणार्थ ००००,०००३. खाली कोणता आकडा कोणाचा ते दिसतं. ०००० विंडोज आणि ०००३ उबुंटू असेल, तर त्याच आज्ञेपुढे जागा सोडून हायफन ओ आणि ०००३,०००० असा नवा क्रम द्यायचा. जुन्या ओळीतले बाकीचे आकडेही मागे जोडा, नाहीतर ते क्रमातून वगळले जातात.

क्रम लावला, रीस्टार्ट केलं, चाललं. दोन दिवसांनी परत विंडोज वर. असं होत असेल तर दोष तुमचा नाही. काही मशीनचं फर्मवेअर (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) "विंडोज बूट मॅनेजर" हे नाव सोडून दुसरं काही पहिल्या जागी टिकूच देत नाही. काहींमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, मग लिनक्सची फाइल "विश्वासू" म्हणून निवडता येते. असा पासवर्ड ठेवलात तर तो कागदावर लिहून ठेवा. विसरलात तर सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही.

याहून हट्टी मशीनसाठी आणखी एक मार्ग आहे. विंडोजमधली बीसीडीएडिट ही आज्ञा वापरून विंडोज बूट मॅनेजरच्या नोंदीचाच पत्ता उबुंटूच्या शिम फाइलकडे (लिनक्स सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या फाइलकडे) वळवता येतो. चालतो, पण पुढच्या मोठ्या अपडेटनंतर तो परत करावा लागू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधली मूळ फाइल काढून तिच्या जागी लिनक्सची फाइल त्याच नावाने ठेवण्याचा सल्ला मात्र मानू नका. पुढचं अपडेट ती फाइल बदलतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या घरात येता.

४. मेनू आहे, पण लपलाय किंवा अर्धवट आहे

थेट लिनक्स सुरू होत असेल तर ग्रबचा मेनू बहुधा लपलेला असतो. मशीन सुरू होताना निर्मात्याचा लोगो गेल्यावर एस्केप एकदा दाबा. यूईएफआयआधीच्या जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर "ग्रब" असं लिहिलेला काळा पडदा येतो. तो बिघाड नाही. "नॉर्मल" टाइप करून एंटर द्या आणि गाडी पुढे जाऊ द्या.

मेनू दरवेळी दिसावा यासाठी ईटीसी फोल्डरातल्या डीफॉल्ट या उपफोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल आहे. तिच्यात टाइमआउट-स्टाइलपुढे "हिडन" असेल तर "मेनू" करा, आणि टाइमआउटपुढे १० लिहा. मग (उबुंटू आणि त्याच्यासारख्या लिनक्समध्ये) "सुडो अपडेट-ग्रब" चालवा. ही शेवटची आज्ञा विसरली तर फाइलमध्ये केलेला बदल मेनूपर्यंत पोचतच नाही.

मेनूत विंडोजच नसेल तर त्याचंही ठरलेलं कारण आहे. दुसऱ्या सिस्टिम शोधून मेनूत घालायचं काम ओएस-प्रोबर नावाचा प्रोग्राम करतो. जून २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून सुरक्षेच्या कारणाने तो आपोआप चालत नाही. म्हणून लिनक्सची आवृत्ती वर नेली आणि विंडोज मेनूतून गळालं, असं अनेकांचं झालं. वर सांगितलेल्या फाइलमध्ये ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर या नावापुढे बरोबरच्या खुणेनंतर "फॉल्स" अशी ओळ घाला. नावातले शब्द तिथे मोठ्या अक्षरांत आणि अंडरस्कोरने जोडलेले असतात, फॉल्स तेवढं लहान अक्षरांत. परत अपडेट-ग्रब चालवा. पडद्यावर "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" अशी ओळ उमटली की काम झालं.

५. फास्ट स्टार्टअप बंद करा

दोन्ही सिस्टिम सुरू होतात, पण विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिता येत नाही, फाइल गायब झाल्यासारखी वाटते, कधी ड्राइव्ह उघडतच नाही. या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप आलं. त्यात "शट डाउन" केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच जागं होतं. म्हणजे झोपलेल्या विंडोजचा असा समज असतो की ड्राइव्ह मी ठेवला तसाच आहे. तेवढ्यात लिनक्सने तिथे लिहिलं तर जागं झाल्यावर दोघांच्या हिशोबाचा मेळ बसत नाही आणि फाइल सिस्टिम बिघडते. लिनक्स लिहायला नकार देतं ते तुमच्या डेटासाठीच. तो नकार जबरदस्तीने मोडणारे पर्याय सापडतील. वापरू नका.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "पॉवर बटणं काय करतील" या ठिकाणी फास्ट स्टार्टअपची खूण काढा. किंवा ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी", जागा, तिरकी रेघ आणि एच, जागा, "ऑफ". दुसऱ्या मार्गाने हायबरनेटही बंद होतं, हे ध्यानात असू द्या. मोठ्या अपडेटनंतर ही खूण परत आलेली असू शकते, म्हणून वर्षातून एक-दोनदा बघत जा. आणि घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: सिस्टिम बदलायची असेल तेव्हा शट डाउन नको, रीस्टार्ट करा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

घड्याळाची तक्रार याच्या शेजारचीच. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ मानतं. तुमची वेळ जागतिक वेळेपेक्षा जितकी पुढे किंवा मागे, बरोबर तितकाच फरक दिसतो. लिनक्समध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" दिलं की भांडण मिटतं. फरक त्याहून वेगळा असेल, किंवा घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल, तर मदरबोर्डवरची बटन बॅटरी संपलीय. डेस्कटॉपमध्ये ती बहुतेक सीआर२०३२ असते. ती संपली की बायोसची सेटिंग मूळपदावर जातात आणि त्यांच्यासोबत तुम्ही लावलेला क्रमही जाऊ शकतो. "दर आठवड्याला क्रम बदलतो" म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं.

६. सुरक्षेचा दरवाजा: बिटलॉकर आणि सिक्युअर बूट

इथून पुढे सावकाश. सिक्युअर बूटला, म्हणजे खात्रीची सही असलेल्याच फाइलला सुरू होऊ देणाऱ्या बायोसच्या सेटिंगला, हात लावण्यापूर्वी विंडोजचा ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला आहे का ते बघा. "मी बिटलॉकर कधी लावलंच नाही" हे उत्तर पुरेसं नाही. २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. सिक्युअर बूट बंद केलं की विंडोजला मशीन बदलल्यासारखं वाटतं आणि ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. आधी ती उघडून कागदावर उतरवा, मगच पुढचं पाऊल. शक्य असेल तर सेटिंगमधून बिटलॉकर तात्पुरतं "सस्पेंड" करा.

आता एसबॅटच्या संदेशाबद्दल. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने, धोकादायक ठरलेले बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्राम) सुरू होऊ नयेत म्हणून मदरबोर्डच्या मेमरीत एसबॅट नावाची एक नवी बंदीयादी लिहिली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ती लागू होणार नव्हती, पण कित्येक मशीनवर दुसरी सिस्टिम ओळखलीच गेली नाही. परिणामी शिम म्हणजे लिनक्सचा पहिला दरवाजा बंद झाला आणि "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" असं वाचून लोक हादरले. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ च्या अपडेटमध्ये हे सोडवलं. पण बराच काळ कपाटात पडून असलेलं मशीन किंवा जुना लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून देणारा) आजही हाच संदेश देऊ शकतो.

उपाय असा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. लिनक्स सुरू करा. "सुडो मोकयूटिल", पुढे दोन हायफन जोडून "सेट-एसबॅट-पॉलिसी", जागा, "डिलीट". रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्येच एकदा जा, म्हणजे यादी खरोखर पुसली जाते. तिथे लिनक्सची सगळी अपडेट घ्या, खासकरून शिम आणि ग्रबची. मग बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. शेवटची पायरी बरेच जण सोडून देतात. तसं करू नका. विंडोज सुरू होण्याआधी घुसणाऱ्या घातक प्रोग्रामना अडवणारं तेच दार आहे.

७. नोंदच गेलीय: लाइव्ह पेनड्राइव्ह

बूट मेनूत लिनक्सचं नावच नाही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन दिसतं. फर्मवेअर अपडेट झाल्यावर असं होतं, कारण त्यात यादी कोरी होऊ शकते. आता ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह लागेल. त्यावर तुमच्या लिनक्सची इन्स्टॉलेशन फाइल रुफससारख्या प्रोग्रामने उतरवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा तो रिकामा घ्या.

बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव कधी दोनदा येतं. ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तेच निवडा. दुसऱ्या पद्धतीने सुरू केलं तर लिनक्सला फर्मवेअरची यादी दिसतच नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. मग "ट्राय" निवडा, "इन्स्टॉल" नाही.

टर्मिनल उघडून "एलएसबीएलके", जागा, हायफन एफ द्या. एका सर्वसाधारण लॅपटॉपवर पडदा असा दिसतो: एनव्हीएमई०एन१ या डिस्कखाली पी१, प्रकार व्हीफॅट, हेच ते लहान ईएफआय पार्टिशन. पी२ पुढे काहीच प्रकार नाही, ते विंडोजने राखून ठेवलेलं १६ एमबीचं. पी३ एनटीएफएस किंवा बिटलॉकर, म्हणजे विंडोज. पी४ पुन्हा एनटीएफएस, विंडोजची रिकव्हरी. आणि पी५ ईएक्सटी४, हेच तुमचं लिनक्स. आकार हवे असतील तर तीच आज्ञा हायफन एफ न लावता द्या. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. कागदावर दोनच गोष्टी लिहा: व्हीफॅट कोणतं आणि ईएक्सटी४ कोणतं. पुढच्या चुका सगळ्या या दोन नावांच्या गोंधळातून होतात.

नवख्यांनी इथे बूट-रिपेअर हे साधन वापरावं. ते लाइव्ह उबुंटूमध्ये इन्स्टॉल होतं आणि "रेकमेंडेड रिपेअर" हे एक बटण बहुतेक प्रकरणं मिटवतं. टर्मिनलची सवय असेल तर हाताने करा: ईएक्सटी४ पार्टिशन एमएनटीवर माउंट करा, व्हीफॅट त्याच्या आतल्या बूट आणि त्यातल्या ईएफआय फोल्डरवर. डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे आरबाइंडने जोडा. सीएचरूट करून आत शिरा, मग "ग्रब-इन्स्टॉल" आणि "अपडेट-ग्रब". "नो एरर रिपोर्टेड" दिसलं की बाहेर या आणि रीस्टार्ट करा. ग्रब-इन्स्टॉलने नवी नोंद यादीत लिहिलेली असते. लिनक्सचं पार्टिशन एन्क्रिप्टेड असेल किंवा बीटीआरएफएस असेल तर माउंट करण्याची रीत वेगळी आहे, ही पायरी जशीच्या तशी लावू नका.

"ग्रब रेस्क्यू" चा पडदाही याच घरातला. ग्रब सुरू झालं, पण ज्या पार्टिशनमध्ये त्याची बाकी फाइल्स होत्या ते त्याला सापडत नाही. कुणी पार्टिशन हलवलं किंवा पुसलं की असं होतं. लिनक्स तुम्हीच मुद्दाम काढलं असेल तर काळजी नको, बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडा, विंडोज सुखरूप असतं.

कुठे थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर हात आवरा आणि जाणकाराकडे जा.

बायोसमध्ये डिस्कच दिसत नाही, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येतोय. तसं असेल तर मशीन बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. दरवेळच्या सुरुवातीने डिस्क आणखी खराब होते. डिस्क बायोसमध्ये दिसते पण लाइव्ह लिनक्समध्ये दिसत नाही, तर तो बहुतेक वेळा रेड किंवा व्हीएमडी या, डिस्क कशी जोडायची ते ठरवणाऱ्या, बायोसमधल्या सेटिंगचा प्रश्न असतो. ते सेटिंग तसंच बदललं तर विंडोज सुरू होणं थांबू शकतं. तयारी माहीत नसेल तर करू नका.

लिनक्सचं पार्टिशन पुसलं गेलंय आणि डेटाची दुसरी प्रत नाही. तर त्या डिस्कवर आता काहीही लिहू नका, विंडोजही सुरू करू नका. पार्टिशन पुसलं तरी आतला मजकूर बहुधा लगेच जात नाही, पण एसएसडीमध्ये आणि नव्या लिखाणाखाली तो झपाट्याने नाहीसा होऊ शकतो. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचं.

बिटलॉकरची की कुठेच सापडत नाही. ती नसताना ड्राइव्ह उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खात्यात, छापील कागदांत, मशीन आधी ज्याने वापरलं त्याच्याकडे शोधा. मशीन ऑफिसचं असेल तर पहिल्या पायरीपासूनच तिथल्या आयटी विभागाला विचारा, की त्यांच्याकडेच असते.

आणि मशीन दुरुस्तीला देताना तोंडी सांगून भागत नाही. डिस्क मॅनेजमेंटचा काढलेला फोटो दाखवा आणि पावतीवर ठळक अक्षरांत लिहून घ्या: "डिस्कवर दोन सिस्टिम आहेत. फॉरमॅट करू नये. नाव नसलेलं पार्टिशन लिनक्सचं आहे, त्यात डेटा आहे."